गजभारे मास्तरांचं नितळ पाणी

बादलीत तोंड घालून नळीनं श्वास घ्यायचा असेल तर नळीचं वरचं टोक बादलीच्या बाहेर राहिलं पाहिजे, ही गोष्ट मला वयाच्या एकोणपन्नासाव्या वर्षी कळली. तीही निम्मं पाणी नाकातोंडात गेल्यावर. पाणी साधं असतं तरी चाललं असतं. पण बायकोनं नुकतेच त्यातून कपडे काढले होते आणि साबण तसाच होता. मी न्हाणीघरात फरशीवर बसून खोकत होतो, डोळ्यांवर काचेचा मास्क, तोंडात रबर, आणि नाकातून फेस. बायकोनं दार ढकललं, मला एकदा वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाली, "मालवणला जायच्या आधीच?"

प्रकरण असं होतं. माझा मेहुणा बालाजी, याचं उदगीरला धान्याचं अडत दुकान आहे. त्यानं डिसेंबरात दोन्ही घरांची मालवणची सहल ठरवली. तिथं स्नॉर्केलिंग करतात, म्हणजे डोळ्यांवर काच लावायची, तोंडात नळी धरायची आणि समुद्रावर पालथं पडून खालचे मासे बघायचे. घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर बालाजीनं विचारलं, "पोहता कुणाला येतं?" दोन मिनिटं कुणीच बोलेना. ती शांतता मला सहन झाली नाही. मी लिहिलं, "मला."

तसं ते खोटं नव्हतं. शिरूर अनंतपाळ तालुक्यातलं आमचं गाव. लहानपणी पाठीला डबा बांधून मला विहिरीत ढकललं होतं आणि मी मेलो नव्हतो. पण विहीर जेवढी रुंद, तेवढंच माझं पोहणं. आठ हात मारायचे, समोरच्या कपारीला धरायचं, दम खायचा, परत आठ हात. समुद्राला समोरची कपार नसते हे लिहिताना माझ्या लक्षात आलं नाही.

"त्या गजभारे मास्तरांकडं जा," बायको म्हणाली. "नदीतून प्रेतं काढतात ते. निदान जिता मानूस हाती लागला म्हणून खूश तरी होतील."

आम्ही राहतो त्या नांदेडात मास्तरांना ओळखत नाही असा पोलीस नसेल. ते पाटबंधारे खात्यात चौकीदार होते, निवृत्त होऊन सात-आठ वर्षं झालेली. गोदावरीत कुणी गेलं की ठाण्यातून त्यांना फोन यायचा. ते यायचे, सदरा काढून घडी करून पायरीवर ठेवायचे, आणि खाली जायचे. मधल्या काळात लोकांना पोहायला शिकवायचे, म्हणून मास्तर. शिकवणं आणि काढणं ही दोन्ही कामं त्यांना एकाच धंद्याची दोन टोकं वाटायची.

मी गेलो तेव्हा ते घाटाच्या पायरीवर दोरीला गाठी मारत बसले होते. बुटके, काळे, वाळलेले. कानात तेलाचा कापूस. मी नाव सांगितलं, कॉलेजात क्लार्क आहे म्हणून सांगितलं. ते माझ्या तोंडाकडं बघतच नव्हते. पोटाकडं बघत होते.

"दुसऱ्या दिशी," ते म्हणाले.

"काय दुसऱ्या दिवशी?"

"तुमी बुडाले तर दुसऱ्या दिशी वर येणार. थंडी असली तर तिसऱ्या. पोट चांगलं हाय तुमचं. बारीक मानूस लई हैरान करतो, पाच-पाच दिस खाली बसून ऱ्हातो."

मला वाटलं हे माझ्यापुरतंच आहे. नंतर कळलं, त्यांचा नमस्कारच असा. समोर माणूस आला की ते आधी त्याचा वर यायचा दिवस ठरवायचे. एकदा पुराच्या तयारीच्या बैठकीत एका भारदस्त साहेबांनी हसत विचारलं, "आणि आमचं काय हो मास्तर?" मास्तरांनी खालीवर बघून सांगितलं, "तुमी बुडणारच न्हाई, साहेब. तुमी जाग्यावरच तरंगणार." त्यानंतर मास्तरांना बैठकीचं बोलावणं आलं नाही. फोन मात्र येत राहिले.

मी फीचं विचारलं. त्यांनी डाव्या डोळ्यावर हात ठेवला, माझ्याकडं बघितलं, मग उजव्यावर ठेवला.

"ह्या डोळ्यानं तुमी दिसूनच नाही राहिले. काचबिंदू. दुसराबी जाऊन राहिलाय. डॉक्टर म्हनला, वरीस, लई झालं तर दीड. फी नको मला. तुमच्यासंगं मालवणला न्या."

"कशाला?"

"चाळीस वर्सं पान्याखाली जाऊन राहिलो, क्लार्क साहेब. आजपोत्तर काय दिसलं न्हाई. चिखल. डोळे मिटूनच जावं लागतं, न्हाईतर माती जाती. सगळं हातानं. तिकडं म्हनं तळ दिसतो. एकदा डोळे उघडे ठिवून पान्यात जायचंय. दोन मिनटं. मंग जाऊ द्या डोळा कुठं जायचा तिथं."

मी 'हो' म्हणालो. मला 'हो' म्हणायला फार वेळ लागत नाही, हे एव्हाना तुमच्या ध्यानात आलं असेल.

शिकवणी शहराबाहेरच्या एका ओळखीच्या शेतातल्या विहिरीवर. पहिले तीन दिवस मास्तरांनी मला पाण्याला पायही लावू दिला नाही. विहिरीच्या काठावर मांडी घालून बसवायचे, मास्क लावायला लावायचे, तोंडात नळी. "नाक इसरा. नाक तुमचं न्हाईच." अर्धा अर्धा तास मी तसा बसायचो आणि ते शेजारी भाकरी-ठेचा खायचे. शेतात कापूस वेचणाऱ्या बाया काम थांबवून बघायच्या. एकीनं विचारलं, "मास्तर, हे यंत्र कशाचं? फवारायचं का?"

"व्हय," मास्तर म्हणाले. "पर याच्यात औषध न्हाई, नुसती टाकीच हाय."

चौथ्या दिवशी मी डोळे मिटून, शांत, नळीतून श्वास घेत बसलो असताना त्यांनी तांब्याभर पाणी वरून नळीत ओतलं. मी उडालो. आकाश, बाया, भाकरी, सगळं गोल फिरलं. "फुका!" ते ओरडले. "बाहेर फुका, आत काय ओढून राहिले!" मग रोज तेच. कधी ओततील याचा नेम नाही. एकदा तर मी मास्क काढून घरी निघालो होतो, नळी नुसती तोंडात राहिली होती, तेव्हाही ओतलं. पण आठवड्यानं असं झालं की नळीत पाणी आलं की माझं डोकं विचार करायच्या आधी छाती फुंकायला लागली.

मास्कच्या काचेवर वाफ धरायची. मी मोबाइलवर बघितलं होतं की आतून थुंकी लावली की वाफ धरत नाही. तसं मास्तरांना सांगितलं. त्यांनी मास्क माझ्या हातातून घेतला आणि न विचारता स्वतःच थुंकले. तोंडात तंबाखू होती. पुढचा अर्धा तास मी विहिरीत डोळे चोळत, रडत होतो आणि वरून मास्तर सांगत होते, "वाफ धरली का? न्हाई ना धरली?"

पाण्यात मला ते कपारीजवळ येऊ द्यायचे नाहीत. हातात लांब बांबू. मी आठ हात मारून कपारीला धरायला गेलो की बांबूचं टोक छातीला. "माघारी फिरा. समुद्राला भिंत न्हाई." मी शिव्या द्यायचो, ते हसायचे. त्यांचं हसणं वाईट होतं. समोरच्याला त्यात सामील करून घेणारं नव्हतं. आणि एक दिवस त्यांनी कमाल केली. मी पालथा तरंगत होतो, नळी चालू होती, मला माझाच अभिमान वाटत होता. त्यांनी मागून पोहत येऊन नळीच्या टोकावर अंगठा ठेवला. मी नळी ओढली, चावली, हातानं मास्क उपटायला गेलो, दोन घोट प्यालो, आणि शेवटी त्यांनीच माझे केस धरून मला वर काढलं.

"मारता का काय!" मी ओरडलो.

"बघत होतो," ते शांतपणे म्हणाले. "नळी बंद झाली तर मानूस काय करतो. तोंड वर काढायचं, इतकंच काम. तुमी नळीसंगं भांडत बसले. मला जे सापडतात ना खाली, ते सगळे कशाला ना कशाला भांडत बसलेले असतात. कोन चपलंला, कोन धोतराला."

त्या दिवशी मी ठरवलं की हा माणूस क्रूर आहे. ते मत मी अजून बदललेलं नाही. फक्त त्या यादीत नंतर काही नावं वाढली.

एका सकाळी शिकवणी रद्द झाली, ठाण्यातून फोन आला होता. मी मोटारसायकलवर मास्तरांना घाटावर सोडलं आणि तिथंच थांबलो. देगलूरकडचा एक तरुण माणूस आदल्या संध्याकाळी आंघोळीला उतरून गेला होता. घरचे पायरीवर बसले होते. त्यांच्यात कुणी मराठीत रडत होतं, कुणी तेलुगूत. मास्तरांनी सदरा काढला, घडी केली, खाली गेले. वर आले, दम घेतला, परत गेले. सातव्या की आठव्या वेळी वर आले आणि नुसतं म्हणाले, "हाय."

त्या एका शब्दावर घाट फुटला. पण मयताचा भाऊ सगळ्यात आधी खाली वाकून म्हणाला, "हातात अंगठी हाय का बघा." अंगठी होती. मास्तरांनी त्याला ती दाखवली. मग चहा आला. पोलिसांना हातात दिला, नातेवाइकांना हातात दिला. मास्तर कडेला उघडे बसून कुडकुडत होते. त्यांचा कप आणणाऱ्यानं दोन पायऱ्या अलीकडे खाली ठेवला आणि मागं सरला. प्रेताला हात लावलेला माणूस, म्हणून असेल. गजभारे आडनावामुळंही असेल. दोन्ही मिळून असेल. त्याला मी विचारलं नाही.

चहा पिऊन मास्तरांनी उठायला माझ्याकडं हात केला. पायरी निसरडी होती, त्यांचे गुडघे गारठले होते. मला नेमका तेव्हाच फोन आला. म्हणजे आला नव्हता; मी कानाला लावला. ते स्वतःच उठले, सदरा झटकला आणि म्हणाले, "चला क्लार्क साहेब, तुमचा फोन झाला असला तर."

मास्तर सहलीला येणार हे कळल्यावर बालाजीचा फोन आला. "दाजी, तुमचं डोस्कं ठिकाणावर हाय का? पान्याच्या सहलीला निघालो, अन् संगं मढी काढनारा मानूस? तेबी आधीच?"

मी चाचरायला लागलो. बायकोनं फोन हातातून घेतला. "बाल्या, तू पान्यात गेलास तर तुझे दाजी तुला काढनार का? मंग बस गप. येऊ दे त्यान्ला." बायकोला मास्तरांबद्दल काही विशेष प्रेम नव्हतं. तिला भावाबद्दल आणि माझ्याबद्दल माहिती होती, एवढंच. मास्तरांकडून मात्र तिनं कबूल करून घेतलं की सहलीत कुणाचा वर यायचा दिवस सांगायचा नाही.

गाडीत आम्ही सात जण. बालाजी, त्याची बायको, त्यांची कॉलेजातली दोन मुलं, आम्ही दोघं, आणि सगळ्यात मागं बॅगांच्या मध्ये मास्तर. नवा पांढरा सदरा, खिशात काळा गॉगल. त्यांनी शब्द पाळला. फक्त सोलापूरच्या पुढं चहाला थांबलो तेव्हा गल्ल्यावर बसलेल्या जाड्या मालकाकडं बघून त्यांनी माझ्याकडं वळून गुपचूप दोन बोटं दाखवली. मी हसलो. बालाजीच्या बायकोनं ते बघितलं, आणि पुढं संपूर्ण वाटेत तिनं मागं पाण्याची बाटली दिली नाही.

मालवणला सकाळी ऊन चांगलं होतं. माझी बायको आणि बालाजीची बायको किनाऱ्यावर थांबल्या. बोटीवर आम्ही पाच जण आणि दुसऱ्या गावचं एक टोळकं. बोटवाला पन्नाशीचा, तोंडानं गोड माणूस. त्यानं मला विचारलं, "पोहता येतं?" मी छाती काढून सांगितलं, येतं. तो म्हणाला, "नाही आलं तरी चालतं हो. आम्ही जॅकेट देतो, रिंग देतो, आमचा माणूस धरून फिरवतो. चार वर्षांची मुलंसुद्धा करतात."

मी मास्तरांकडं बघितलं. दीड महिना. बांबू, तांब्या, तंबाखू. मास्तर दुसरीकडं बघत होते. त्यांना हसू येत होतं.

मग बोटवाल्यानं कागद काढले. नाव, वय, सही. मास्तरांचं वय ऐकून त्याचं पेन थांबलं. "साठीच्या वर आम्ही उतरवत नाही, काका. मागं एकदा भानगड झाली होती. घरचं कुणी जबाबदारी घेत असेल तरच. यांचं कोण आहे तुमच्यात?"

"मी सवताच सही करतो," मास्तर म्हणाले. "तू माझ्या मागं तळाला येऊन दाखव, बाबा. मंग बोल."

"तसं नाही चालत. नातेवाइकाची सही लागते."

त्यानं कागद माझ्यापुढं धरला, कारण मास्तर माझ्या शेजारी बसले होते. खाली दोन जागा रिकाम्या होत्या. 'नाते' आणि 'सही'. मी पेन हातात घेतलं.

"दाजी," बालाजी माझ्या कानात म्हणाला, पण बोटीवर कानात बोललेलं सगळ्यांना ऐकू येतं. "सही करू नगा. त्यान्ला डोळ्याचं हाय, बीपीचं असंल. उद्या काय झालं तर जल्माचं कोर्ट तुमच्या मागं. अन् नातं काय लिवनार? कोन लागतो तो तुमचा?"

बोट हलत होती. सगळे माझ्याकडं बघत होते. मास्तर नेहमीसारखे हसले, पण या वेळी त्या हसण्यात मला थोडी जागा होती.

"लिवा की. इद्यार्थी."

एक शब्द होता. मी कॉलेजात क्लार्क आहे. दिवसाला शंभर ठिकाणी सह्या करतो, न वाचता करतो. पण त्या दिवशी मी पेनाचं टोपण लावलं आणि म्हणालो, "मास्तर, असं करू. आधी मी उतरून बघून येतो. ओढ कशी आहे, पाणी गार आहे का. मग वर येऊन सही करतो. पाच मिनिटं."

मास्तरांनी मान हलवली. "हाव. या बघून."

उतरताना मी चष्मा आणि पाकीट त्यांच्याकडं दिलं. मी दिलं म्हणून बालाजीनं मोबाइल आणि गळ्यातली चेन दिली, मुलांनी घड्याळं दिली, त्या दुसऱ्या टोळक्यानंही आपापलं त्यांच्या मांडीवर टाकलं. बोटवाल्यानं त्यांना केशरी जॅकेट घालून पट्टे आवळले, नियम म्हणून. मी शेवटचं वळून बघितलं तेव्हा ते फेरीवाल्यासारखे दिसत होते.

आता खरं ते सांगतो. मी तोंड पाण्यात घातलं आणि खाली उजेड होता. विहिरीत अंधार असतो, नदीत चिखल असतो, आणि पाण्याखाली उजेड असू शकतो हे मला माहीतच नव्हतं. पिवळेजर्द मासे, अंगावर काळे पट्टे, माझ्या हाताच्या बोटांमधून गेले. खडकावर काहीतरी जांभळं श्वास घेत होतं. एकदा लाट नळीत आली. मी काही ठरवायच्या आत छातीनं ती फुंकून टाकली आणि बघत राहिलो. धरून फिरवणाऱ्या माणसाचा हात मी सोडला. रिंग सोडली. माझी सावली तळाच्या वाळूवर पडली होती, दोन्ही हात पसरलेली, आणि मी तिच्यावर तरंगत होतो.

या सगळ्या वेळात मला मास्तरांची आठवण एकदाही आली नाही. विसरलो असंही म्हणता येणार नाही; विसरायला आधी मनात असावं लागतं. शिट्टी वाजली तेव्हा मी नाखुशीनं तोंड वर काढलं. वीस मिनिटं झाली होती. आमच्या बोटीची वेळ संपली होती, पुढची माणसं किनाऱ्यावर उभी होती.

मास्तर होते तिथंच बसले होते. मांडीवर आमचं सगळं सामान.

"अकरा," ते म्हणाले. "अकरा गेले, अकरा आले. मोजून राहिलो होतो मी डोस्की."

मी म्हणालो, "मास्तर, वेळेचं कळलंच नाही."

"ओढ कशी हाय?" त्यांनी विचारलं.

संध्याकाळी ते एकटेच किनाऱ्यावरून पाण्यात गेले, माझा मास्क घेऊन. लाटा फुटत होत्या, वाळू उसळत होती. थोड्या वेळानं बाहेर आले आणि मास्क मला परत दिला. "आपल्या गोदावरीसारखंच हाय की हितं," म्हणाले. मग अंग पुसत, दुसरीकडं बघत विचारलं, "उद्या सकाळी ती बोट पुन्हा असती का?"

"उद्या सकाळी सहाला निघायचंय," बालाजी म्हणाला. "कोल्हापूरला दर्शन हाय."

मास्तरांनी माझ्याकडं बघितलं. मी वाळूतला शंख उचलून बघत होतो. शंख साधाच होता.

परतीच्या वाटेवर कोल्हापूर सोडल्यावर, गाडी चालवणारा सोडून, सगळे झोपले. मी मागं मास्तरांजवळ जाऊन बसलो. का ते मला सांगता येणार नाही. बहुतेक त्यांनी दोन शिव्या द्याव्यात म्हणून. त्यांनी दिल्या नाहीत. लातूर येईपर्यंत ते मला प्रश्न विचारत राहिले. मासे त्यांना नको होते. "तळ किती खोल दिसतो? दगूड दिसतो का वाळू? मानूस शेजारी आसंल तर त्याचं तोंड वळखू येतं का?" मी सांगत होतो. सांगता सांगता माझा आवाज वाढत होता, मला पुन्हा आनंद होत होता, आणि ते मला थांबवतही नव्हते.

"आपला हात दिसतो का?" त्यांनी विचारलं.

"दिसतो ना. नखंसुद्धा दिसतात."

त्यांनी आपला उजवा हात खिडकीच्या उजेडात धरला. बराच वेळ उलटासुलटा करून बघितला. "बरं हाय," म्हणाले, आणि गॉगल लावून डोकं बॅगेवर टेकलं.

नंतर वर्षभर मी घाटाकडं गेलो नाही. मासे मात्र मी सगळ्यांना सांगितले. कॉलेजात, लग्नात, दाढी करताना. बायको त्या वेळी उठून स्वयंपाकघरात जायची.

मागच्या महिन्यात एका कामानं घाटावर जावं लागलं. लांबूनच आवाज ओळखला. मास्तर खालच्या पायरीवर बसले होते, काळा गॉगल, हातात तोच बांबू. पाण्यात एक ढेरपोट्या वकील धडपडत होता. "दम ऐकू येऊन राहिलाय मला तुमचा," मास्तर ओरडत होते. "वकील साहेब, नाकानं नगा घेऊ! नाक कोर्टात ठिवून या!" वकील पायरीकडं सरकला की बांबू बरोबर त्याच्या छातीवर जात होता, आवाजावरून. वर चहाच्या गाड्यावर मी विचारलं. चहावाला म्हणाला, दुसरा डोळा पावसाळ्यातच गेला. काम चालू आहे; फोन येतात, मास्तर जातात, काढतात. खाली काय, पहिल्यापासून दिसत नव्हतंच.

मी पायऱ्या उतरून त्यांच्यामागं दोन हातांवर जाऊन उभा राहिलो. काय बोलायचं ते मी उतरताना जुळवलं होतं. त्यांनी मान वळवली.

"कोन हाय?"

माझ्या तोंडून आवाज निघेना.

त्यांनी बांबू खाली ठेवला. आवाज एकदम मऊ केला. असा मऊ आवाज मला दीड महिन्यात एकदाही ऐकायला मिळाला नव्हता. तिथं असं न बोलता येऊन उभी राहणारी माणसं कोण असतात, ते त्यांना चाळीस वर्षांपासून ठाऊक होतं.

"बोला. घाबरू नगा," ते म्हणाले. "कोन गेलंय तुमचं? कवा उतरला होता?" आणि ते सदऱ्याची गुंडी काढायला लागले.

मी चपला हातात घेतल्या आणि पायऱ्या चढून वर आलो. वरून बघितलं, तर ते अजून त्याच दिशेला तोंड करून, सदऱ्याच्या सगळ्या गुंड्या सोडून, थांबले होते.

घरी येऊन मी बायकोला सांगितलं. सगळं सांगितलं, चपलांसकट. ती मेथी निवडत होती, तिनं हात थांबवला नाही. मी म्हणालो, "एक बरं झालं. त्यांनी मला ओळखलं नाही."

"वळखलं असंल की," ती म्हणाली. "अशा वक्ताला तोंड शिवून उभा राहनारा दुसरा कोन हाय त्यांच्या वळखीचा?"